गोदीतला स्फोट, चौथ्या मजल्यावरचा गॅस आणि 'फुटणं' म्हणजे नेमकं काय

उमरखाडी | १४ एप्रिल, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर गॅस गळला. सकाळचे साडेदहा. त्या घरातली मंडळी कामावर गेलेली, आजी एकट्याच, आणि त्याही आंघोळीला. वास जिन्यात आला तशी धडाधड दारं उघडली आणि पाच मिनिटांत त्या दारासमोर पंधरा-वीस माणसं जमली. मीही होते त्यात. एकाने बेल दाबली. दुसऱ्याने जिन्यातला दिवा लावला. जो तो म्हणत होता, "सिलिंडर फुटेल, सिलिंडर फुटेल," आणि जो तो तिथेच उभा. नशीब, काही झालं नाही. आजींनी दार उघडलं, तळमजल्यावरच्या वहिनींनी आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आजीने सांगितलेली गोष्ट डोक्यात घोळत राहिली. त्या गोष्टीतही माणसं अशीच उभी राहून बघत होती.

आज १४ एप्रिल. १९४४ साली याच तारखेला शुक्रवार होता. आजी तेव्हा सतरा वर्षांची, नव्यानेच लग्न होऊन उमरखाडीतल्या चाळीत आलेली. आजोबा मांडवीला दाण्याच्या गोदामात कारकून. चार वाजून गेले होते, आजीने चहाचं आधण ठेवलं होतं. आधी पायाखालची फरशी हलली आणि मग आवाज आला, असं ती शेवटपर्यंत सांगायची. फळीवरची सगळी पितळी भांडी एकदम खाली आली. एक घागर तिच्या खांद्याला घासून गेली. ती गॅलरीत धावली तर गोदीच्या बाजूला धुराचा खांब उभा होता, आणि थोड्या वेळाने आभाळातून जळता कापूस पडायला लागला. कौलांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर. 'जपान्यांनी बाँब टाकला' अशी ओरड झाली. अर्ध्या तासाने दुसरा धमाका झाला, तो पहिल्यापेक्षा मोठा. आजोबा रात्री दहाला घरी आले, अंगावर सदरा नव्हता.

खरं काय झालं ते मी मोठी झाल्यावर वाचून काढलं. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. सोबत लढाऊ विमानं, सोन्याच्या विटांच्या पेट्या, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या साडेआठ हजारांवर गासड्या. लाकूड, वंगणाचं तेल, भंगार आणि मासळीचं खतही होतं. ज्या मालाजवळ काडीही ओढू नये, त्याच्या खाली कापूस रचलेला. युद्ध चालू होतं, जहाजं कमी होती, त्यामुळे मिळेल ती जागा भरायची.

१४ तारखेला दुपारी, दोनच्या सुमारास, दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. पाण्याचे बंब लागले. सुमारे ९०० टन पाणी आत ओतलं. आग कुठे आहे तेच सापडेना. आतलं पाणी उकळायला लागलं आणि जहाजाच्या बाजूचा पत्रा लाल झाला. आणि जी गोष्ट वाचताना माझे हात गार पडले ती अशी: पाणी वाढत गेलं तसा जळता कापूस त्यावर तरंगत वर चढला, आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं होती. विझवायला घातलेलं पाणीच आगीला वर उचलत होतं.

दहा मिनिटं कमी चारला जहाज सोडायचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी ते फुटलं. धूर दिसल्यापासून दोन तास. स्फोटकं असलेल्या जहाजाला आग लागली तर लाल बावटा लावायचा असतो, तो लागलाच नाही. शेजारच्या जहाजांवर, धक्क्यावर लोक नुसते बघत उभे होते. 'जलपद्म' नावाचं चार हजार टनांचं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर येऊन पडलं. सतराशे किलोमीटरवर सिमल्याला भूकंपमापकावर नोंद झाली. मेलेल्यांचा आकडा साधारण सातशे ते आठशे धरतात, खरा कितीतरी जास्त असणार, कारण गोदीतल्या रोजंदारीवाल्यांची यादी कुणाकडे होती? अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने लागली होती. चौकशी आयोगाने कुणाच्या तरी बिडी-सिगारेटची ठिणगी हे सगळ्यात संभवनीय कारण धरलं.

तर मला इथल्या जाणत्यांना विचारायचं आहे. आग लागली की ती कधी नुसती जळते आणि कधी फुटते? कापूस दोन तास जळतच होता, मग त्या एका क्षणी असं काय बदललं? आणि आमच्या चौथ्या मजल्यावर काय होऊ शकलं असतं?

---

प्रयोगवही | १४ एप्रिल, रात्री १०.५५

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'वेग'.

स्फोट म्हणजे थोडक्या जागेतली ऊर्जा इतक्या झटक्यात सुटणं की तयार झालेल्या तापलेल्या वायूला पसरायला वेळच मिळत नाही. तो भोवतीची हवा ढकलतो, दाबाची लाट निघते, आणि भिंती-काचा-माणसं ती लाट मारते. ऊर्जा किती हा प्रश्न दुय्यम आहे. मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे करायची: टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोत जेवढी ऊर्जा असते, त्याच्या तिपटीहून जास्त एक किलो गव्हाच्या पिठात असते. पीठ आपण पोळी करून खातो. टीएनटी मात्र सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने आतल्या आत फुटत जातं, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच बांधलेला असतो. त्याला हवेची वाट बघावी लागत नाही.

कापसाला हवेची वाट बघावी लागते. म्हणून तो दोन तास धुमसला. त्या उष्णतेने वरची स्फोटकं तापत गेली, आणि ती फुटायच्या तापमानाला पोचली तिथे खेळ संपला. म्हणजे दोन तासांची आग हा वेगळा प्रकार, आणि चार वाजून सहा मिनिटांनी झाला तो वेगळा. पहिल्याला भडका म्हणा. ज्योत सरकत जाते, आवाजापेक्षा हळू. दुसऱ्याला शास्त्रात डिटोनेशन म्हणतात, ते आवाजाच्या वेगाला मागे टाकून जातं.

आता तुमचा चौथा मजला. "सिलिंडर फुटला" असं आपण म्हणतो आणि पेपरातही तसंच येतं, पण बहुतेक वेळा टाकी शाबूत सापडते. फुटते ती खोली. हिशोब करून बघा. आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, दहा फूट उंच, म्हणजे साधारण बावीस घनमीटर हवा. आपल्या गॅसचं हवेतलं प्रमाण सुमारे दोन टक्क्यांच्या खाली असेल तर तो पेटत नाही, साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला तरी पेटत नाही. मधल्या पट्ट्यात कुठेही ठिणगी मिळाली की संपलं. बावीस घनमीटरचे दोन टक्के म्हणजे अर्ध्या घनमीटरला थोडा कमी गॅस, आणि त्याचं वजन भरतं जेमतेम एक किलो. घरच्या टाकीत १४.२ किलो असतो. टाकीचा चौदावा हिस्सा गळला की खोली भरली. त्यातही हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो, आणि तिथे हा आकडा आधीच गाठला जातो.

टाकी स्वतः फुटते ती आगीत सापडल्यावर. आतला द्रव तापून दाब वाढतो, वरचा पत्रा मऊ पडतो, फाटतो, आणि सगळा द्रव एका क्षणात वायू होतो. तो प्रकार वेगळा आणि फार भयानक, म्हणून घराला आग लागली असेल तर आत टाकी आहे हे बंबवाल्यांना आधी सांगायचं.

बेल दाबणाऱ्या गृहस्थांना माझ्याकडून हात जोडून सांगा. बेल, दिवा, पंखा, फ्रिज, सगळ्यांत बटण जोडताना आणि तोडताना बारीक ठिणगी पडते. चालू असलेलं बंदही करायचं नाही. हाताने दार ठोका.

---

शब्दवेडी | १५ एप्रिल, सकाळी ७.१५

उमरखाडी, आजींची घागर डोळ्यांसमोर उभी राहिली.

शीर्षकात तुम्ही 'फुटणं' लिहिलंत, त्यावर थोडं. 'स्फोट' हा संस्कृतातल्या 'स्फुट्' धातूपासून आला. त्याचा अर्थ उमलणं, फाटणं, उघड होणं. आपलं 'फुटणं' त्याच घरातलं. पालवी फुटते, अंकुर फुटतो, पहाट फुटते, डोंगराला पाझर फुटतो. अंगावर येतो तो 'फोड' हासुद्धा स्फोटाचाच उतरलेला मुलगा. व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त स्फोट हा शब्द भाषेसाठी वापरला. अक्षरं एकामागून एक कानावर पडतात आणि शेवटी अर्थ एकदम उघडतो, त्याला तो स्फोट म्हणतो.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आत काहीतरी आधीपासून साठत आलेलं असतं, बाहेर दिसायला क्षण लागतो. मला वाटतं आपल्या पूर्वजांनी हा शब्द नीट निरखून घडवला. आपण मात्र फक्त तो क्षण धरून बसतो.

---

बॉयलरघर | १५ एप्रिल, दुपारी १.३०

साखर कारखान्यात बत्तीस सीझन काढले. बॉयलरच्या भट्टीवर फायरमन म्हणून लागलो, पहिल्या वर्गाचा बॉयलर अटेंडंट होऊन निवृत्त झालो. वरती सरांनी जे लिहिलं त्यात एक भर. स्फोटाला आग लागतेच असं नाही. पाणी पुरतं.

उघड्या पातेल्यात एक लिटर पाण्याची वाफ केली तर ती सतराशे लिटरच्या आसपास जागा मागते. आमच्या बॉयलरला दर चौरस सेंटीमीटरला पंचेचाळीस किलोचा दाब असायचा. त्या दाबाला पाणी अडीचशे अंशांच्या वर जातं तरी पाणीच राहतं, कारण दाबाने त्याला धरून ठेवलंय. कुठे पत्रा फाटला तर तेवढं सगळं पाणी एकदम वाफ व्हायला बघतं. काडी नको, ठिणगी नको. इमारत जाते.

बॉयलर जातो तो जास्त करून पाणी कमी पडून. म्हणून आम्हाला पहिल्या दिवशी एकच शिकवलं: काचनळीवरची, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळीवरची, नजर काढायची नाही. दर पाळीला काचनळी 'ब्लो' करायची, म्हणजे खालची कॉक उघडून पाणी सोडायचं आणि ते परत चढतंय का बघायचं. नळीत गाळ अडकला तर आत पाणी संपलेलं असतं आणि नळीत जुनीच पातळी दिसत राहते. रात्रपाळीला एक नवा मुलगा होता. तीन वाजता मी विचारलं, पाणी किती? म्हणाला, अर्धी नळी. मघाशी किती होतं? अर्धी. दोन तास एक सूतसुद्धा हललेलं नाही? चालत्या बॉयलरचं पाणी कधी असं निश्चल नसतं, ते सारखं वरखाली खेळत असतं. मी जाऊन कॉक उघडली. नळी रिकामी झाली, परत भरेना.

अशा वेळी जो पहिला विचार येतो तोच जीव घेतो: पंप लाव, पाणी घाल. आत नळ्या लाल झालेल्या असतील तर गार पाणी घातल्या क्षणी घात होतो. आम्ही आधी बगॅस, म्हणजे भट्टीत जाणारा उसाचा चोथा, तोडली, आग पाडली, वाफ तशीच उतरू दिली. सकाळपर्यंत कारखाना बंद. मोठ्या साहेबांनी विचारलं, गाळप का थांबवलं? मी त्यांना काचनळी दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण त्या मुलाला चहा पाजला.

घरातला कुकर हे त्याचंच लहान रूप. शिट्टीच्या नळीत हरभऱ्याचं साल अडकलं की वाफेची वाट बंद. दर वेळी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघावं, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच घ्यावा, बाजारातला चार पैसे स्वस्त मिळतो तो नको.

आणि सरांनी पिठाचं सांगितलं म्हणून. साखरही तशीच, तिची बारीक धूळ हवेत उडालेली असली तर फुटते. अमेरिकेत जॉर्जियामध्ये फेब्रुवारी २००८ मध्ये साखरेच्या रिफायनरीत धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली. पहिला धक्का लहान असतो. त्याने तुळयांवर, पत्र्यांवर वर्षानुवर्षं बसलेली धूळ उडते, आणि खरा मोठा बार त्या उडालेल्या धुळीचा होतो. आमच्याकडे साखर भरायच्या जागी मी तुळया झाडून घ्यायचो तेव्हा लोक म्हणायचे, हे काय आणि नवीन.

---

कातळ | १५ एप्रिल, दुपारी ३.०५

वडील विहिरीचे सुरुंग लावायचे. बार भरला की भोक वरून माती घालून लाकडी दांड्याने ठासायचे. लहानपणी मी विचारलं, माती कशाला? म्हणाले, तोंड उघडं ठेवलं तर नुसता आवाज होईल, दगड हलणार नाही. कोंडल्याशिवाय जोर येत नाही. आमच्याकडे फुसका बार म्हणतात तो यातूनच आला असावा.

मारताना तीनदा "बाऽऽर" ओरडायचे, गुरं-माणसं लांब न्यायचे. आणि बार मोजायचे. आठ लावले आणि सातच वाजले, तर त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही. कंत्राटदार ओरडू दे, मालक ओरडू दे.

---

हॅलिफॅक्सहून | १५ एप्रिल, रात्री ११.५०

मी कॅनडात हॅलिफॅक्सला राहते. उमरखाडी, तुमचा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण या गावाचीही हीच गोष्ट आहे.

६ डिसेंबर १९१७. सकाळी पावणेनऊच्या सुमाराला बंदरात 'माँ ब्लाँ' या दारूगोळ्याने भरलेल्या फ्रेंच जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि ते पेटलं. ते जळत जळत किनाऱ्याला लागलं. मुलं शाळेच्या वाटेवर होती, बायका स्वयंपाकघराच्या खिडकीशी. सगळे बघत राहिले. नऊ वाजून चार मिनिटांनी ते फुटलं. सतराशेच्या वर माणसं गेली. काचेला नाक लावून बघणाऱ्या शेकडो लोकांच्या डोळ्यांत काचा घुसल्या, कित्येक कायमचे आंधळे झाले. व्हिन्सेंट कोलमन नावाच्या रेल्वेच्या तारबाबूला जहाजात काय आहे ते कळलं होतं. तो निघून जाऊ शकत होता. येणारी गाडी थांबवायला तो परत फिरला आणि तार करत राहिला, तिथेच गेला. त्याचं नाव इथे लहान मुलालाही माहीत आहे.

बैरुतला ४ ऑगस्ट २०२० रोजी झालं ते तर आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलं. २,७५० टन अमोनियम नायट्रेट, वर्षानुवर्षं बंदरातल्या गोदामात पडलेलं. आधी धूर, मग लोक बाल्कनीत फोन घेऊन उभे.

माझ्या मुलीला शाळेत एक गोष्ट शिकवली ती इथे लिहून ठेवते. उजेड आधी पोचतो, दाबाची लाट मागून येते. किलोमीटरभर लांब असाल तर दोन-तीन सेकंद हातात असतात. लांबवर लख्ख चमकलं तर बघायला खिडकीशी जायचं नाही, उलट काचेपासून लांब पळून खाली पडून राहायचं.

---

डोंबिवली पूर्व | १६ एप्रिल, सकाळी ८.२०

२३ मे २०२४ ला आम्ही घरी होतो. दुपारची वेळ. आधी पडदे आत उडाले, मग काचा. मुलगा सुदैवाने दुसऱ्या खोलीत. तासाभरात सगळीकडे 'एमआयडीसीत बॉयलर फुटला' सुरू झालं, आणि नंतर कळलं की फुटला तो रसायनाचा रिअॅक्टर, म्हणजे ज्यात रसायनांची प्रक्रिया करतात ते मोठं बंद भांडं. बॉयलरघर यांचा प्रतिसाद वाचून त्यातला फरक आज पहिल्यांदा समजला. बॉयलर म्हटलं की वाटतं पाणी-वाफ, झालं ते झालं. रिअॅक्टर म्हटलं की माणूस विचारतो, आत काय होतं, किती होतं, आणि आमच्या घरापासून किती अंतरावर? तो प्रश्न मे महिन्याच्या आधी विचारायला हवा होता.

---

नवीन सभासद | १६ एप्रिल, सकाळी ११.००

आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. त्यालाही हेच लागू का?

---

प्रयोगवही | १६ एप्रिल, दुपारी १२.१०

अगदी वेगळं आहे, बरं झालं विचारलंत. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका. गळला तर वर जातो, छताशी साचतो. टाकीतला खाली बसतो. म्हणून पाइपवाल्यांनी स्वयंपाकघरातला वरचा झरोका बंद करू नये, आणि टाकीवाल्यांनी दाराखालची फट बुजवू नये. मिथेन पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान पेटतो. दोन्ही गॅसना मुळात वास नसतो, आपल्याला येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन नावाच्या उग्र वासाच्या रसायनाचा. सर्दी झाली असेल तर नाकावर विसंबू नका.

कातळ, तुमच्या वडिलांनी एका वाक्यात सांगितलं ते समजवायला मला एक अख्खा तास लागायचा.

---

उमरखाडी | १६ एप्रिल, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी आमच्या जिन्यात प्रयोगवही यांचा प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून लावला, खाली गॅसगळतीचा मदत क्रमांक १९०६ लिहिला. बेल दाबणारे काका आले, चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं गं." मलाही नव्हतं.

मग आम्ही दोघं घरोघर जाऊन रबरी नळीवरची तारीख बघत फिरलो. त्या नारिंगी नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी बदलायची असते. अठ्ठावीस घरांपैकी अकरा घरांत मुदत उलटून गेलेली निघाली. चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे २०१६ ची होती, बर्नरच्या टोकाला चिरलेली. ती चीर आम्ही टॉर्चच्या उजेडात पाहिली. केसाएवढी.

---

कातळ | १६ एप्रिल, रात्री १०.५२

उठून पाहिली. २०१८. सकाळी बदलतो.